न्यायालयातील तारीख चुकली तर...

नांदगाव येथील दिवाणी व फौजदारी न्यायालयाच्या दारात शिपाई उभा राहतो आणि प्रकरणातील माणसाचे नाव मोठ्याने पुकारतो. एकदा, दोनदा, तीनदा. आवारातील झाडाखाली, चहाच्या टपरीवर, वकिलांच्या टेबलाभोवती बसलेली माणसे मान वर करून पाहतात. पुकाऱ्याला उत्तर आले नाही की त्या दिवसाच्या रोजनाम्यावर एक ओळ लिहिली जाते, ‘पुकारले असता गैरहजर’. ही ओळ दिसायला लहान असली तरी पुढच्या अनेक घटनांचा उगम तिच्यात असतो आणि त्यांची कल्पना बहुतेक पक्षकारांना फार उशिरा येते.

नांदगाव हा नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील अवर्षणप्रवण तालुका. गिरणा धरणाची भिंत तालुक्याच्या हद्दीत उभी असली तरी बोलठाण, जातेगाव, न्यायडोंगरी या बाजूच्या पुष्कळशा शेतीला भरवसा पावसाचाच. दसरा-दिवाळी आटोपली की कुटुंबे ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर बाहेर पडतात ती चैत्राच्या सुमारास परततात. काही मनमाडहून गाडी पकडून मुंबई, सुरत गाठतात. अशा माणसाच्या नावाने नोव्हेंबरात समन्स निघाले, तर ते घेण्यास घरी बहुधा एखादी म्हातारी आणि कुलूप एवढेच असते. न्यायालयाच्या कागदोपत्री मात्र तो ‘गैरहजर’ असतो. गैरहजर राहणे आणि फरार होणे या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने अगदी भिन्न आहेत. तथापि आपण पहिल्या प्रकारातले आहोत, दुसऱ्या नव्हे, हे न्यायालयाला कळवण्याचे काम त्या माणसाचेच असते. न्यायाधीशासमोर जे कागदावर येते तेवढेच त्यास माहीत असते. ऊसाच्या फडातली अडचण तेथे आपोआप पोहोचत नाही.

समन्स कोणाच्या हाती पडते

फौजदारी प्रकरणातील समन्स बहुधा पोलीस बजावतात, दिवाणी प्रकरणातील बेलीफ. शक्यतो ते खुद्द त्या व्यक्तीच्याच हाती द्यायचे असते. ती व्यक्ती कसोशीने शोधूनही सापडली नाही, तर फौजदारी समन्सची एक प्रत तिच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीकडे ठेवता येते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत येथे ‘प्रौढ पुरुष’ असे शब्द होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने त्यातील ‘पुरुष’ हा शब्द गाळला. बदल एका शब्दाचा असला तरी ज्या घरांतील पुरुषमाणसे निम्मे वर्ष परगावी असतात, तेथे तो फार मोठा आहे. आता पत्नीने वा आईने घेतलेले समन्सही कायदेशीर बजावणी ठरू शकते. म्हणूनच तो कागद देव्हाऱ्यामागे खोचून न ठेवता त्याच दिवशी त्या माणसाला फोनवर वाचून दाखवणे अगत्याचे झाले आहे. घरी कोणीच नसेल तर घराच्या ठळक भागी प्रत डकवता येते. नव्या संहितेने न्यायालयाची मुद्रा असलेले समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याचीही सोय केली आहे.

समन्स घेतलेच नाही म्हणजे खटला टळतो, हा समज खेड्यापाड्यांत अजूनही दृढ आहे. तो निखालस चुकीचा आहे. न वटलेल्या धनादेशाचे उदाहरण घ्यावे. पतसंस्थेने वा व्यापाऱ्याने परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फिर्याद केली आणि टपालाने आलेले समन्स आरोपीने ‘घेण्यास नकार’ देऊन परत पाठवले, तर ते बजावले गेले असेच न्यायालय धरू शकते. नकाराने फायदा कोणताच होत नाही. उलट कागदात काय लिहिले होते व तारीख कोणती होती, हे मात्र त्या माणसाला कळत नाही.

वॉरंटाच्या पायऱ्या

समन्स बजावूनही आरोपी हजर राहिला नाही, तर न्यायालय वॉरंट काढू शकते. त्यातही प्रकार आहेत. जामीनपात्र वॉरंटावरच जामिनाची रक्कम व हजर राहण्याची तारीख लिहिलेली असते. पोलीस घरी आले तरी ठरलेला जामीन देऊन त्या माणसाला सुटता येते. अजामीनपात्र वॉरंट, ज्याला बोलीभाषेत पकड वॉरंट म्हणतात, त्यावर मात्र अटक करून न्यायालयापुढेच उभे करावे लागते. सामान्यतः प्रथम समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि त्यानेही काम न झाल्यास अजामीनपात्र वॉरंट, अशा क्रमाने जावे, व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न असल्याने घाईने अजामीनपात्र वॉरंट काढू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात सांगितले आहे. गुन्हा गंभीर असेल, आरोपी पळून जाण्याची वा पुरावा नष्ट करण्याची शक्यता असेल, तेथे न्यायालय पहिल्या पायऱ्या वगळू शकते.

वॉरंटाला मुदत नसते, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. ज्या न्यायालयाने ते काढले त्याने रद्द करीपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते जिवंत राहते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे व जुन्या संहितेतही तेच होते. ‘तीन वर्षे झाली, आता कोण विचारतो’ असे म्हणून निर्धास्त झालेला माणूस मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात किंवा निवडणुकीच्या बंदोबस्तापूर्वीच्या शोधमोहिमेत पकडला जातो. मग मूळ किरकोळ खटल्यापेक्षा ती अटकच त्याला महाग पडते.

जामीनदाराचे काय होते

आरोपीच्या गैरहजेरीची सर्वांत करुण बाजू म्हणजे जामीनदार. गावात कोणाला अटक झाली की चुलता, मेहुणा, शेजारी असा कोणीतरी सातबाराचा उतारा घेऊन तालुक्याला येतो आणि ‘जामीन राहतो’. त्या दिवशी त्याला वाटते की आपण एक सही केली. वस्तुतः त्याने न्यायालयाशी करार केलेला असतो : हा माणूस प्रत्येक तारखेस हजर राहील, न राहिल्यास बंधपत्रात लिहिलेली रक्कम मी भरीन.

आरोपी चुकला की बंधपत्र भंग झाल्याची नोंद न्यायालय कारणांसह करते आणि बंधपत्र जप्त होते. त्यानंतर जामीनदाराला नोटीस जाते : रक्कम भरा, नाहीतर ती का वसूल करू नये याचे कारण दाखवा. ही संधी दिल्यावाचून त्याच्यावर दंडाचा बोजा टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० सालीच स्पष्ट केले होते. म्हणून नोटीस आल्यावर घाबरून घरी बसणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. समाधानकारक कारण न दाखविल्यास ती रक्कम दंडाप्रमाणे वसूल होते. ती भरली नाही आणि वसूलही होऊ शकली नाही, तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात राहावे लागू शकते. गुन्हा दुसऱ्याचा, पळाला दुसरा, आणि तुरुंगाची पायरी चढली ती मदतीला धावलेल्याने!

कायद्याने जामीनदाराला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. आरोपीला शोधून त्याने न्यायालयापुढे आणले किंवा त्याच्या अनुपस्थितीचे खरे कारण मांडले, तर न्यायालय कारणे नमूद करून रकमेचा काही भाग माफ करू शकते. बंधपत्र जप्त होण्यापूर्वीच जामीनदाराचे निधन झाले, तर त्याच्या मिळकतीवर कोणतीही जबाबदारी राहत नाही. आणखी एक तरतूद आहे, जिचा उपयोग फार क्वचित केला जातो. आरोपी कामासाठी दूर जातो आहे, फोन उचलत नाही, लक्षणे बरी नाहीत असे दिसताच जामीनदार आपल्याला या जबाबदारीतून मोकळे करावे असा अर्ज केव्हाही करू शकतो. मग न्यायालय आरोपीला आणवते, जामीनदाराला मुक्त करते आणि आरोपीला दुसरा जामीन देण्यास सांगते. नात्याच्या भिडेपोटी हा अर्ज कोणी करीत नाही. भीड मोडवत नाही हे खरे. पण निदान जामीन राहताना खटल्याच्या तारखा आपल्याजवळ लिहून ठेवण्यास तरी भिडेची अडचण नसावी.

खुद्द आरोपीसाठी जामिनावर सुटल्यानंतर पुरेशा कारणावाचून हजर न होणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत तो २००५ च्या दुरुस्तीने आला आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ मध्ये आहे. त्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मूळ खटल्यात पुढे निर्दोष सुटका झाली, तरी हा गुन्हा आपोआप पुसला जात नाही.

उद्घोषणा व जप्ती

वॉरंट निघाले, पण ते चुकवण्यासाठी माणूस फरार झाला आहे किंवा दडून बसला आहे, असे मानण्यास न्यायालयाला कारण असेल तर कलम ८४ खालील उद्घोषणा निघते. ठराविक ठिकाणी, ठराविक वेळी हजर व्हावे असा तो जाहीर हुकूम असतो आणि प्रसिद्धीपासून किमान ३० दिवसांचा अवधी द्यावाच लागतो. तो माणूस ज्या गावी राहतो तेथील ठळक जागी हा हुकूम मोठ्याने वाचला जातो, त्याच्या घराच्या दर्शनी भागी आणि न्यायालयाच्या इमारतीवर डकवला जातो. न्यायालयास योग्य वाटल्यास वृत्तपत्रातही छापला जातो. एके काळी गावात कोतवालाच्या दवंडीने जे घडत असे त्याचेच हे लिखित रूप. गावात राहणाऱ्या कुटुंबाला जप्तीपेक्षाही हे वाचन अधिक जिव्हारी लागते.

उद्घोषणेनंतर मालमत्तेची जप्ती करता येते. शेतसारा भरणारी जमीन असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जप्त होते. जप्त मालात जनावरे वा नाशवंत वस्तू असतील तर त्यांची तात्काळ विक्री करण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकते. बैलजोडी असलेल्या घराने हे विशेष ध्यानात ठेवावे. इतर मालमत्ता सामान्यतः जप्तीपासून सहा महिने विकता येत नाही. या काळात भावाला, पत्नीला किंवा अन्य कोणाला ‘यात माझा हिस्सा आहे’ असा दावा मांडता येतो. उद्घोषणेत दिलेल्या मुदतीत माणूस हजर झाला तर मालमत्ता मोकळी होते. त्यानंतरही जप्तीपासून दोन वर्षांच्या आत तो हजर झाला आणि आपण वॉरंट चुकवण्यासाठी दडलो नव्हतो व वेळेत हजर होता यावे इतपत उद्घोषणेची माहितीही आपल्याला नव्हती, असे त्याने सिद्ध केले, तर मालमत्ता, किंवा ती विकली गेली असल्यास खर्च वजा जाता तिची किंमत, त्याला परत मिळते. फडावर गेलेल्या मजुराला लागू पडणारी तरतूद ही होय. पण सिद्ध करायचे ते त्याने, आणि तेही दोन वर्षांत.

उद्घोषणेनुसार हजर न होण्यास न्याय संहितेच्या कलम २०९ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दहा वर्षे वा त्याहून अधिक कारावास, जन्मठेप किंवा देहदंड सांगितलेल्या गुन्ह्यात न्यायालयाने ‘उद्घोषित अपराधी’ जाहीर केले असेल, तर ही शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. अशा अपराध्याविरुद्ध त्याच्या गैरहजेरीतच खटला चालवून निकाल देण्याचा अधिकारही कलम ३५६ ने आता दिला आहे. पूर्वी अशा वेळी साक्षी नोंदवून ठेवता येत, निकाल मात्र थांबे. अर्थात या मार्गाने जाण्यापूर्वी लागोपाठ दोन वॉरंटे, वृत्तपत्रातील सूचना, नातेवाइकाला कळवणे आणि आरोप निश्चितीनंतर ९० दिवसांची प्रतीक्षा, असे टप्पे पाळावे लागतात. १ जुलै २०२४ रोजी जे खटले आधीच प्रलंबित होते, त्यांना जुनी १९७३ ची संहिताच लागू राहते.

फिर्यादी व साक्षीदार

तारीख केवळ आरोपीलाच असते असे नाही. फिर्यादीवरून समन्स काढलेल्या लहान स्वरूपाच्या खटल्यात फिर्यादीच आला नाही, तर आरोपी निर्दोष सुटू शकतो. नव्या संहितेने त्याआधी फिर्यादीला ३० दिवसांचा अवधी देण्याची तजवीज केली आहे. साक्षीदाराने वाजवी कारणावाचून समन्स मोडल्यास न्यायालय तेथल्या तेथे ५०० रुपयांपर्यंत दंड करू शकते. जुन्या संहितेत ही मर्यादा १०० रुपये होती. त्याला आणण्यासाठी वॉरंटही निघू शकते. पंचनाम्यावर सही करून विसरलेले पंच या बाबतीत नेहमी अडचणीत येतात.

दिवाणी दाव्यात

दिवाणी दाव्यात कोणी पकडून नेत नाही आणि याच कारणाने तेथे बेफिकिरी अधिक. बांधाचा वाद, वाटणी, कर्जवसुली, घराचा ताबा या दाव्यांत समन्स बजावूनही प्रतिवादी आला नाही, तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ९ प्रमाणे दावा एकतर्फी चालतो. वादीने आपली बाजू मांडायची, ती खोडून काढण्यास कोणी नाही, आणि हुकूमनामा होतो. पुढे एक दिवस बेलीफ जमिनीचा ताबा घेण्यासाठी बांधावर येऊन उभा राहतो, तेव्हा ‘आमचे कोणी ऐकलेच नाही’ असे म्हटले जाते. ते खरेही असते. परंतु ऐकवण्याची तारीख केव्हाच होऊन गेलेली असते.

यावर उपाय आहे, पण तो ३० दिवसांचा. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज हुकूमनाम्याच्या तारखेपासून ३० दिवसांत द्यावा लागतो. समन्सची रीतसर बजावणीच झाली नसेल तर हुकूमनाम्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवस मोजले जातात. समन्स मिळाले नव्हते किंवा हजर न राहण्यास पुरेसे कारण होते, यांपैकी एक दाखवावे लागते. मात्र बजावणीत थोडीशी उणीव राहिली एवढ्यावर भिस्त ठेवू नये. प्रतिवादीला तारखेची माहिती होती व येण्यास पुरेसा अवधी होता असे दिसले, तर केवळ त्या उणिवेवरून हुकूमनामा रद्द होत नाही. उशीर झाला असल्यास विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, पण उशिराचे कारण पटवावे लागते. हुकूमनामा होण्यापूर्वीच, दावा एकतर्फी चालू असताना, प्रतिवादी हजर झाला व त्याने योग्य कारण सांगितले, तर त्याला पूर्वीच्या तारखेस हजर असल्याप्रमाणे ऐकून घेता येते. तेव्हा उशिरा का होईना, जाणे हे न जाण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. वादीच गैरहजर राहिला तर दावा काढून टाकला जातो आणि तो परत उभा करण्याच्या अर्जालाही मुदत ३० दिवसांचीच आहे.

पत्नी, मुले वा वृद्ध आईवडील यांच्या पोटगीच्या अर्जात जाणूनबुजून गैरहजर राहणाऱ्याविरुद्धही एकतर्फी हुकूम होतो. तो फिरवून मागण्यास तीन महिन्यांचा अवधी असतो. पोटगी द्यावी लागू नये म्हणून तारखा टाळणाऱ्यांना बहुधा जास्तच रक्कम ऐकावी लागते, कारण आपली खरी मिळकत किती, हे सांगण्यास तेथे कोणी नसते.

‘वकील आहेत, ते बघतील’ हे दुसरे आश्वासक वाक्य. पक्षकाराने आपल्याकडून शक्य ते सर्व केले असताना केवळ वकिलाच्या चुकीची शिक्षा त्याला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटले. त्या निर्णयाचा आधार मात्र ‘शक्य ते सर्व’ केलेल्यालाच मिळतो. वकीलपत्रावर अंगठा उठवून दोन वर्षे फिरकला नाही त्याला नव्हे.

वेळीच काय करावे

ठरलेल्या तारखेस येणे अशक्य असेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज देता येतो. आरोपीची प्रत्यक्ष उपस्थिती आवश्यक नाही असे न्यायालयास वाटल्यास कलम ३५५ खाली त्या दिवसापुरती सूट मिळते. आजारपणाचा दाखला, रुग्णालयाचे कागद, घरातील मृत्यूची नोंद असे जे असेल ते अर्जाला जोडावे. हंगामी कामासाठी बाहेर जाणाऱ्याने निघण्यापूर्वीच आपला कामाचा पत्ता व मुकादमाचा दूरध्वनी वकिलाकडे देऊन ठेवावा. अनेक महिन्यांची गैरहजेरी आधीच ठाऊक असेल, तर कायम सूट मागण्याचा मार्गही खुला आहे. प्रत्येक वेळी ती मिळतेच असे नाही; पण अर्ज केल्याची नोंद रोजनाम्यावर राहते आणि ‘पुकारले असता गैरहजर’ या ओळीशेजारी कारणही लिहिले जाते.

पुढची तारीख कळण्यासाठी आता प्रत्येक वेळी नांदगावला खेप घालण्याची गरज उरलेली नाही. प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्स सेवेच्या मोबाइल अॅपवर तो टाकल्यास तारीख व मागील आदेश विनामूल्य दिसतात. घरातला शाळकरी मुलगाही हे पाहून सांगू शकतो. वकील नेमण्याची ऐपत नसलेल्यांसाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपद्ग्रस्त आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही माहिती घेता येते.

वॉरंट निघाल्याचे कळले तर पोलिसांची वाट पाहत बसू नये. स्वतः न्यायालयात जाऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. आपल्या पायाने आलेल्या माणसाकडे आणि बेड्या घालून आणलेल्या माणसाकडे पाहण्याच्या न्यायालयाच्या दृष्टीत फरक असतो. काही वेळा थोडा खर्च भरण्यास सांगितले जाते, नवा जामीन मागितला जातो, बहुधा प्रकरण तेवढ्यावर मिटते.

वॉरंट रद्द झाले की काम संपले, असे मात्र नाही. २००२ साली मुंबईतील एका वकिलाविरुद्ध निघालेले अजामीनपात्र वॉरंट त्यांनी न्यायालयात जाऊन रद्द करून घेतले होते. तरीही काही दिवसांतच, स्वातंत्र्यदिनी, त्याच वॉरंटावर पोलिसांनी त्यांना अटक केली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०११ साली त्या न्यायालयाने देशभरासाठी सूचना दिल्या. अजामीनपात्र वॉरंट ठरीव छापील नमुन्यात व अनुक्रमांकासह असावे, त्याची नोंदवही ठेवावी, ते रद्द झाल्यास तसा आदेश संबंधित पोलिसांकडे तात्काळ पाठवून वॉरंट परत मागवावे आणि त्या आदेशाची एक प्रत आरोपीलाही द्यावी. वकिली करणाऱ्या, शहरात राहणाऱ्या माणसावर जो प्रसंग आला तो साकोऱ्याच्या वा वेहेळगावच्या शेतमजुरावर येणे अधिकच सोपे. तेव्हा रद्द आदेशाची प्रत मागून घ्यावी, तिची एक नक्कल ठाण्यात देऊन दुसरीवर पोच घ्यावी, आणि पोलीस ठाण्याच्या दफ्तरी ते वॉरंट परत गेल्याची नोंद होईपर्यंत ती पोच घरी पेटीत न ठेवता खिशात बाळगावी.